प्रयोगशाळेला लागून घर

सर, तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी आता कुठे तुमच्याशी वाद घालायला बसले आहे. शुक्रवारची सुट्टी आहे, इथे आखातात अल वक्राच्या आमच्या फ्लॅटमध्ये पोहे खाऊन झालेत, कसली घाई नाही.

कॉलेजच्या लॅबमधला तो दिवस तुम्हाला कशाला आठवेल? माझं टायट्रेशन तिसऱ्यांदाही फसून गडद गुलाबी झालं होतं, कारण लक्ष सगळं संध्याकाळच्या व्हायोलिनच्या क्लासकडे. तुम्ही माझी ब्युरेट बंद केलीत आणि एका रशियन संगीतकाराची गोष्ट सांगितलीत. बाप सरदार, पण लग्नाबाहेरचा म्हणून पोराला कागदोपत्री नोकराचा मुलगा लावलेला. पुढे तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. घर प्रयोगशाळेला लागून. पाहुण्यांशी बोलताबोलता उठून फ्लास्क बघायला पळायचा. नातेवाइकांचा राबता एवढा की स्वतःचा पलंग मिळायची मारामार, आणि जेवणाच्या टेबलावर मांजरं. बायको पियानो वाजवणारी, दम्याने बेजार. त्याला संगीत लिहायला सवड मिळे तो स्वतः आजारी पडल्यावरच, म्हणून मित्र त्याच्या आजारपणाची वाट बघत. त्याचा ऑपेरा शेवटी मित्रांनीच पुरा केला. "दोन्ही डगरींवर हात ठेवला की असं होतं," तुम्ही म्हणालात. "एक काय ते ठरव."

मी ठरवलं. व्हायोलिन माळ्यावर गेलं. आज इथे पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये माझ्या हाताखाली सहाजण आहेत आणि मी सुखात आहे, हे अगदी मनापासून सांगते. पण मध्यंतरी बिन महमूद भागातल्या क्लासमध्ये मुलीच्या व्हायोलिनच्या शिक्षिकेने त्याच माणसाची चार वाद्यांची रचना ऐकवली, बायकोला अर्पण केलेली. ऐकताना मला वाटलं, हा माणूस त्या गोंधळात चांगला खुशीत होता. तुम्ही त्याचं काही ऐकलं होतंत का हो? मला दाट शंका आहे.

मुलगी बारावीत आहे. काल स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, आय ॲम क्विटिंग व्हायोलिन. केमिस्ट्री इज टू मच." हातातला कांदा ठेवून मी तिला सगळी गोष्ट सांगितली, मांजरांसकट. ती खूप हसली. मग तुझे सर काय म्हणाले, असं तिने विचारलं.

"म्हणाले, दोन्ही कर. एखादं अपुरं राहिलं तर राहू दे."

ती म्हणाली, "ओके. आय विल कंटिन्यू."

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा कबूल करते. ते वाक्य तुमच्या तोंडी मी घातलं. आईचं म्हणून तिने ऐकलं नसतं, सरांचं म्हणून लगेच ऐकलं. मीही ऐकलं असतं.