म्हटल्याशिवाय भाकर नाही

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायचं म्हटलं की माझं अक्षर आपोआप नीट येतं. रेघ सोडली तर तुम्ही छडी आपटायचात. यासाठी कोरं पान वापरायला जीव होईना, म्हणून लाईटबिलाच्या पाठीमागं लिहितेय.

आई गेल्यावर तुम्ही ताडकळसचं घर बंद करून परभणीला आमच्याकडं आलात, तेव्हा माझी लेक चार वर्षांची होती. डाऊन सिंड्रोम म्हणजे काय ते डॉक्टरांनी तुम्हाला समजावलं, तुमच्या जावयांनीही समजावलं. तुम्ही म्हणालात, "आजार-बिजार काई न्हाई. तुमी वळण लावलं न्हाई." तिच्याजवळ तेव्हा मोजकेच शब्द होते, तेही अर्धे. भाकर म्हणजे 'भा', पाणी म्हणजे 'पा'. दवाखान्यातल्या स्पीच थेरपीच्या बाई सांगायच्या, ती अर्धा शब्द बोलली की तो मानून घ्या, आपण पुरता म्हणून दाखवा, वर एखादा जोडा, आणि थांबा. वदवून घेऊ नका. तिला शब्द आधी कळतो, जीभ मागून येते. मी तसंच करत होते. मी भाकरी थापताना ती 'भा' म्हणायची. मी म्हणायची, "भाकर. गरम भाकर." ती टाळ्या पिटायची.

तुम्हाला ते लाड वाटले. सारी हयात पोरं शिकवण्यात गेलेली तुमची.

ती संध्याकाळ अजून दिसते मला. देवापाशी दिवा लावून मी स्वयंपाकघरात येते, तर तुम्ही तिची ताटली स्वतःच्या मांडीवर घेऊन बसलेले. "भा," म्हणत ती हात पुढं करते. तुम्ही ताटलीवर पंजा ठेवता.

"भा न्हाई. भा-क-र. म्हण."

"भा."

"म्हणल्याबिगर मिळायची न्हाई."

ती तुमच्या तोंडाकडं बघते, ओठ हलवते, घशातून नुसती हवा निघते. भिंतीपलीकडून शेजारच्या काकू विचारतात, "गुर्जी, तुमची शाळा अजून सुटंना का हो?" तुम्ही हसता. ती हसत नाही. मी म्हटलं, "अण्णा, लेकरू भुकेलंय." तर म्हणालात, "तू मधी पडू नको. तुला असंच शिकवलं म्हणून मॅट्रिक झालीस." ती तशीच झोपली, मूठ तोंडात घालून.

मग जेवायच्या प्रत्येक वेळी हेच. थोड्याच दिवसांत 'भा' गेला, पाठोपाठ 'पा' गेला. ती बोटानंही मागेना. तुम्ही देवळात गेलात की मी तिला भरवायची आणि भरवताना म्हणायची, "भाकर, गरम भाकर." ती माझ्या तोंडावर हात ठेवायची. माझ्या तोंडावर, अण्णा.

तुम्ही असेपर्यंत ती मुकीच राहिली. तुमच्या तेराव्याला पंगतीत जो तो म्हणत होता, "नातीसाठी लय झिजले गुर्जी." मी मान हलवत वाढत राहिले. त्यानंतर काही महिन्यांनी, मी पीठ मळत असताना ती जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "भा." मी देवाला हात जोडले, आणि आपण नेमके कशाचे आभार मानतोय हे ध्यानात येऊन ते हात तसेच राहिले.

तुम्ही मायेनं केलंत, असं सगळे म्हणतात. ते मलाही माहीत आहे. त्यानं राग कमी होत नाही, वाढतोच. वाईट माणसाला निदान तळतळाट तरी देता येतो. पै-पैचा मेळ घालणारी बाई मी, पण तिची वाया गेलेली ती वर्षं कुठल्या खात्यावर टाकू, ते देवही सांगत नाही.

आता ती मोठी झाली आहे. दोन-तीन शब्द जोडून बोलते. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला तिचं सगळं समजतं, पाहुण्यांना समजत नाही. परवा मी पूजेला बसले होते, तेव्हा तिनं दारात उभं राहून एक अख्खं वाक्य म्हटलं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. तुम्ही फळ्यावर लिहून वर्गाला दाखवलं असतं.

खरं सांगते, तेवढंच तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले होते. पण ते वाक्य मी तुम्हाला सांगणार नाही.