पंपघरात शिरलेली शेगडी

चि. धाकटीस,

दादाचे आशीर्वाद. आहेत नेहमीचेच, पण पाच महिने साठून राहिलेत, त्यामुळे या खेपेला जरा जास्त भरतील. तुझा गुडघा कसा आहे? वॉर्डातले जिने कमी केलेस, की अजून प्रत्येक पेशंटमागे स्वतःच धावतेस? (विचारतो कशाला, धावतच असणार.) जावईबापूंचा खोकला, भाचीची परीक्षा, तुमच्या गॅलरीतलं ते उगाच माजलेलं रोप, सगळ्यांची खुशाली कळव. आम्ही इकडे ठीक. तुझी वहिनी ठणठणीत आहे, हे शेजारच्या इमारतीलाही तिच्या आवाजावरून रोज कळतं.

गेल्या खेपेला तू आलीस तेव्हा माझ्या कपातला चहा बशीत सांडला, बशीतला टेबलावर आणि टेबलावरचा तुझ्या नव्या साडीवर. दुसरी कोणी साडीकडे बघितलं असतं. तू पडलीस नर्स, तू माझ्या हाताकडे बघितलंस. "दादा, हात कापतोय तुझा, दाखवून घे," म्हणालीस आणि डॉक्टरांची वेळ ठरवून चिठ्ठी पाठवलीस. ती चिठ्ठी मी फाडली आणि फोनवर तुला काय काय बोललो ते इथे परत लिहीत नाही. (वहिनीला पाठ आहे, हवं तर तिच्याकडून ऐक.) पण आता कबूल करतो, तेव्हा तो हात कापायला लागून वर्ष झालं होतं. पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ड्रॉइंग काढून जगलेल्या माणसाचा हातच गेला तर मागे उरतं काय? चष्मा आणि चिडचिड. आमचा कारखाना इतका जुन्या वळणाचा की पंपघरातल्या नळांचा आराखडा अजूनही मीच ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचो. श्वास रोखायचा, मनगट पट्टीवर दाबून धरायचं, रेघ मारायची, आणि मग वाकडी गेलेली शाई अर्धा तास ब्लेडने खरवडत बसायचं. कोणी बघू नये म्हणून मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात जायला लागलो. लोकांना वाटलं, साहेब म्हातारपणी सुधारले.

अशात आमच्या मॅनेजरबाईंनी फर्मान काढलं की यापुढे सगळे आराखडे आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरवर. म्हटलं, आता माउस धरायचा, तोही कापऱ्या हाताने, तोही चारचौघांत! पहिल्या दिवशी मी एक चौकट उचलली. हात इतका थरथरत होता की ती चौकट पडद्यावर माशीसारखी भिरभिरत होती. आणि सोडली मात्र, अगं, ती टुणकन जाऊन पडद्यावरच्या ठिपक्यांच्या जाळीवर बसली! सरळ! केसाइतकीही वाकडी नाही! मी पुन्हा उचलली, मुद्दाम हात हलवला (मुद्दाम हलवायची तशी गरज नव्हती), सोडली, पुन्हा सरळ. मग रेघ ओढली. धाकटे, खोटं नाही सांगत, ती रेघ बघून मला भरून आलं. वयाच्या पंचविसाव्या वर्षी माझी जशी रेघ यायची तशी होती ती. बाजूच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंनी विचारलं, डोळ्यांत काही गेलं का? मी म्हटलं, हो, रेघ गेली.

आणि हे तर काहीच नाही. पंप उचलून दुसरीकडे ठेवला तर त्याला जोडलेले सगळे नळ आपोआप लांब होतात, आखूड होतात, कोपरे वळतात आणि निमूट त्याच्या मागोमाग येतात. (आपल्या घरात कोणी कोणाच्या मागोमाग निमूट गेल्याचं तुला आठवतं का?) ऑफिसात काढलेलं ड्रॉइंग घरी जाऊन फोनवर उघडलं तर तिथे जसंच्या तसं. वहिनीच्या टॅबलेटवर तसंच. तिन्ही यंत्रांच्या कंपन्या वेगळ्या, तिन्हींची बटणं वेगळी, ड्रॉइंग मात्र एकच, एकीकडे हलवलं की तिन्हीकडे हलतं! मी दोन दिवस नुसता या खोलीतून त्या खोलीत जाऊन तपासत होतो, कुठे एखादा व्हॉल्व्ह गळून पडतोय का. एक पडला नाही. हात जोडले बाई मी.

आता माझी चूक ऐक. आम्ही जुने ड्रॉइंगवाले, ट्रेसिंग पेपरची काटकसर हाडांत मुरलेली. शीटवर कोपरा रिकामा असेल तर नवं शीट काढायचं नाही, हा आमच्या खात्याचा धर्म. तुझ्या वहिनीला शेगडी खिडकीपासून हलवायची होती, वाऱ्याने ज्योत विझते म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये कोरी पानं हवी तेवढी मिळतात हे मला ठाऊक होतं, पण हात होईना. मी पंपघराच्या आराखड्यात उजवीकडे खाली जो कोपरा मोकळा होता, तिथेच आमचं स्वयंपाकघर काढलं. ओटा, सिंक, फ्रिज, शेगडी, सगळं मापात. आणि वहिनीला तिच्या टॅबलेटवर ते हलवायचं कसं ते शिकवलं. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरचा फ्रिज दिवसातून चार वेळा जागा बदलायला लागला.

मंगळवारी मोठी मीटिंग. मॅनेजरबाई, गिऱ्हाइकाकडचे दोन इंजिनिअर, आमचा फोरमन आणि मी. भिंतीवर भलामोठा पडदा, त्यावर माझं पंपघर. मी ऐटीत मुख्य नळ समजावून सांगत होतो, तेवढ्यात कोपऱ्यातून एक शेगडी निघाली. सावकाश, कोणाचीही भीडभाड न बाळगता ती पडदाभर फिरली आणि मुख्य व्हॉल्व्हला चिकटली. शेजारी हलवणाऱ्याचं नाव झळकत होतं: 'गृहखातं'. (वहिनीचं नाव मी तसंच टाकलंय. तिला अजून माहीत नाही, सांगू नकोस.) एक इंजिनिअर वहीत काहीतरी लिहून घ्यायला लागला. वहिनीला फोन करावा तर माझा फोन बाहेर चार्जिंगला लावलेला. मी पडदा बंद करायला धावलो, तर घाईत अख्खं चित्र मोठं झालं, आणि त्या मोठ्या झालेल्या चित्रात आमचं गृहखातं नवीन आकृती काढत बसलं होतं. शंकरपाळ्यासारखी चौकट आली. आत एकेक अक्षर उमटलं: 'यांचा हात कापतो?' एक बाण निघाला, 'नाही', त्याच्यापुढे चौकट: 'मग भरलेला कप उचलून दाखवा.' दुसरा बाण, 'हो'. त्याच्यापुढची चौकट रिकामी.

दीड वर्षं मी जे झाकलं ते भिंतीवर सहा फूट उंच लागलं होतं. मला वाटलं, संपलं, आता फुलांचा गुच्छ आणि घरी. तेवढ्यात फोरमन म्हणाला, "साहेब, ते आम्हाला ठाऊकच आहे. पहिल्यांदा तुमची नागमोडी रेघ बघून आम्ही लोखंडी नळाच्या जागी रबरी नळी बसवली होती. पाणी सोडल्यावर कळलं. मग सगळ्यांनी ठरवून टाकलं, साहेबांची रेघ कशीही असो, सरळच धरायची. तुमचं माप कधी चुकलं नाही, मग रेघेचं काय एवढं?" धाकटे, दीड वर्षं! सबंध वर्कशॉप माझ्या वाकड्या रेघा सरळ वाचत होतं आणि एकानेही तोंडातून शब्द काढला नव्हता. सॉफ्टवेअरचं कौतुक मला आहेच, पण या माणसांपुढे मी तोंडात बोट घालून उभा राहिलो.

मॅनेजरबाई एवढंच म्हणाल्या, "त्या 'हो'पुढची चौकट रिकामी का? रिकामी चौकट असलेलं ड्रॉइंग मी पास करत नाही." आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. त्या वहीवाल्या इंजिनिअरने मात्र जाताना हळूच विचारलं की ती शेगडी कोणत्या कामाची. फोरमनने ती वहीतून काढून टाकायला लावली.

सर्वांना आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याला जे लागू असेल ते. रोपाला पाणी कमी घाल.

तुझा,
दादा

ता. क. हे पत्र छापील का आणि प्रत्येक परिच्छेद चौकटीत का, असं वाटलं असेल. सॉफ्टवेअरची हौस म्हणून नव्हे. हाताने दोन ओळी लिहिल्या, मलाच वाचता येईनात.

ता. क. २. खरं काम हे. डॉक्टरांची वेळ पुन्हा ठरव. वहिनीला वर्षभर फसवलं, तिच्यासमोर तपासून घ्यायला लाज वाटते, म्हणून तू चल. तिथे म्हणे कोरा कागद आणि पेन्सिल देतात आणि गोलगोल गुंडाळत जाणारी रेघ काढायला लावतात. जाळी नाही, ठिपके नाहीत. एकतीस वर्षांत कागदाची अशी भीती कधी वाटली नव्हती गं. मी काढीन, पण तू शेजारी बस. त्या 'हो'पुढच्या रिकाम्या चौकटीत मी 'धाकटी' लिहून ठेवलंय. साडीबद्दल आणि त्या बोलण्याबद्दल माफ कर.

ता. क. ३. पाकिटावरचा पत्ता मात्र मी पेनाने लिहिलाय, सहा पाकिटं फुकट घालवून. पोस्टमनला वाचता आला असेल, तरच हे तू वाचते आहेस.