थोरल्या भावाच्या खुर्चीचे पाय

मी, खाली सही करणारा, वय सत्तरीच्या जरा अलीकडे, धंदा खुर्च्या बनवणे, त्याआधीचा धंदा विमा कंपनीत बसून दुसऱ्यांच्या नुकसानीचे कागद तपासणे, राहणार याच घराच्या तळमजल्यावर, आज माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. बायको दोनदा दारात येऊन "आजच बरं सुचतंय तुम्हाला हे," एवढे म्हणून गेली. त्याला दबाव म्हणता येणार नाही. परवा मला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. पण हे सांगताना ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, आणि माणूस कडेवर कधी बसतो हे मला कळते.

माझे डोके ठिकाणावर आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण मी नोकरी सोडली त्या दिवशी माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, ते ठिकाणावर नसल्याचे चारचौघांत जाहीर केले होते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो दादालाही दाखवावा.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एक वस्तू मात्र द्यायची राहून गेली आहे, आणि खरे सांगायचे तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे. जिन्याच्या वळणावर ठेवलेली, दादासाठी केलेली, अजून पुरी न झालेली ती खुर्ची. पण वकीलबाई म्हणाल्या, आधी घर लिहा. म्हणून आधी घर.

कलम एक. तळमजल्यावरचा माझा सगळा भाग बायकोला द्यावा. वरचा मजला दादाचा आहेच. जिना सामाईक आहे आणि सामाईकच राहील. वकीलबाई म्हणाल्या, "काका, जिन्याचं नीट लिहून टाका, पुढे भांडणं होतात." मी म्हटले, आमचे भांडण होऊन चुकले आहे, आता नवीन कुठून आणणार.

कलम दोन. बँकेत जे असेल ते बायकोला. फार नाही, आणि का नाही हे तिला तोंडपाठ आहे. मी राजीनामा दिला तेव्हा तिने शाळेतली नोकरी धरून ठेवली, वर शिकवण्या घेतल्या आणि एकदाही मला ऐकवले नाही. म्हणजे ऐकवले, पण पाहुणे गेल्यावर. पहिली खुर्ची विकली गेली तेव्हा ती गिऱ्हाइकामागे रस्त्यापर्यंत गेली आणि "ओल्या फडक्याने पुसू नका हं" असे बजावून आली. त्या दिवसापासून हा धंदा दोघांचा आहे असे मी समजतो.

कलम तीन. रस्त्याकडेची खोली, जिला आम्ही कारखाना म्हणतो. बायकोला हवे तर ती भाड्याने द्यावी. शिवणकामाला द्यावी, दवाखान्याला द्यावी, फक्त प्लास्टिकच्या खुर्च्या विकणाऱ्याला देऊ नये. हा शुद्ध राग आहे. कायद्याने टिकतो का ते वकीलबाईंनी बघावे.

कलम चार. रंधे, पटाश्या, करवती, मोठा शिकंजा आणि सांधे चिकटवायचा सरस शिजवण्याचे भांडे, ही सर्व हत्यारे मुलीला. ती एका मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. सुटीला आली की बॅग ठेवायच्या आधी कारखान्यात डोकावते, एखादी फळी उचलते, तिच्यावरून अंगठा फिरवते आणि न बोलता खाली ठेवते. तिला हात आहे. हे मी तिला कधी तोंडावर सांगितले नाही, कारण सांगितले असते तर तिने ते मनावर घेतले असते. हत्यारांसोबत कोणतीही अट नाही. नोकरी सोड असे मी म्हणत नाही, सोडू नकोस असेही म्हणत नाही. फक्त गंज चढू देऊ नकोस.

कलम पाच. विमा कंपनीतल्या माझ्या शेवटच्या साहेबांना काहीही देऊ नये. निरोपाच्या दिवशी हे गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले होते, "छंद म्हणून ठीक आहे हो." पुढे निवृत्त झाल्यावर पाठदुखी घेऊन माझ्याकडेच आले. मी खुर्ची करून दिली. बसले, डोळे मिटले, आणि मग शब्द गिळून गेले. तेवढी भरपाई मला पोहोचली.

नोकरी का सोडली हे लोक अजून विचारतात, तर एकदाचे लिहून ठेवतो. दाव्यांच्या विभागात माझ्या टेबलासमोर एक खुर्ची होती. घर जळालेले, गाडी ठोकलेली, नवरा गेलेली माणसे त्या खुर्चीवर येऊन बसत. कोणीही पाठ टेकत नसे. सगळे पुढच्या कडेवर. मला आधी वाटले, दुःखामुळे. मग एकदा टेबल रिकामे असताना मी स्वतः तिच्यावर बसून पाहिले, तर पाठ टेकली की माझे पाय जमिनीवरून उचलले जात होते. मी ती घरी आणली, रविवारभर खटपट करून तिचे पाय कापले, बैठकीचा उतार बदलला, आणि सोमवारी परत नेऊन ठेवली. त्या दिवशी एक म्हातारी आली, बसली, पाठ टेकली आणि तिला रडू फुटले. मला तिच्या कागदात काही सुचेना. त्यानंतर माझे मन त्या कचेरीत कधी लागलेच नाही.

कलम सहा. वहिनींना, म्हणजे दादाच्या बायकोला, स्वयंपाकघरातले बुटके स्टूल. गुडघे दुखतात म्हणून त्या खाली येऊन त्यावरच बसतात आणि वर-खाली निरोप पोहोचवतात. त्यांच्याशिवाय या घरात पाण्याची टाकी कधी भरली नसती.

कलम सात. आता खुर्ची.

दादा त्याच विमा कंपनीत होता. वडील गेले तेव्हा त्याने शिक्षण सोडून तिथे नोकरी धरली, म्हणून मी शिकलो. पुढे त्याच्याच शब्दावर मला तिथे घेतले. मी राजीनाम्याचे सांगितले तेव्हा तो जेवत होता. ताट बाजूला सारून म्हणाला, "माझं नाक कापलंस. परत कामावर जाशील त्या दिवशी माझ्याशी बोल." मी परत गेलो नाही, त्यामुळे बोलण्याचा प्रश्न मिटला. त्याने जी गोष्ट जिवाचे रान करून मिळवली ती मी हसत टाकून दिली, असे त्याला वाटले असेल. मी हसत नव्हतो. भीती वाटली की मी आयुष्यभर ज्याच्याकडे गेलो तोच माणूस ताटावरून उठून गेला होता.

मुलगी तेव्हा शाळेत होती. आता तिचे केस पिकायला लागले आहेत. अबोला चालूच आहे. "यांना सांगा, दिवा चालू राहिलाय." "त्यांना सांगा, बघतो." सगळे वहिनींमार्फत. सकाळी वरून त्याच्या चपलांचा आवाज येतो, त्यावरून तो कुठल्या खोलीत आहे ते मला समजते. खोकला आला की रंधा थांबवून ऐकतो. मला त्याची फार आठवण येते, आणि तो माझ्या डोक्यावरच राहतो.

खुर्ची मी नजरेच्या मापाने केली. त्याचे खांदे, त्याची पाठ मला पाठ आहेत. एकही खिळा नाही, बैठक वेताची. फक्त पाय कापायचे राहिले. माझी पद्धत अशी की पाय दोन बोटे लांब ठेवायचे आणि ज्याची खुर्ची त्याला बसवून मगच खूण करायची. त्यातही माप घेतोय म्हटले की माणूस ताठ होतो आणि माप चुकते. म्हणून मी गिऱ्हाइकाला चहा देतो, साहेबाबद्दल नाहीतर व्याह्यांबद्दल विचारतो. तो बोलण्यात रंगला, स्वतःला विसरला, की हळूच पायाशी बसून पेन्सिल लावतो. दादाला काय विचारणार? मी खुर्ची जिन्याच्या वळणावर ठेवली. चढताना दम लागतो, कधीतरी टेकेल. तो टेकला नाही. उलट पाठीवर ओली छत्री अडकवू लागला. मी वहिनींकडे तक्रार केली, तर त्या म्हणाल्या, "अहो, दुसऱ्या कोणाच्या वस्तूला ते बोटसुद्धा लावत नाहीत." त्यावर मी बरेच दिवस काढले.

तर माझ्या मागे ही खुर्ची दादाला द्यावी. पाय मुलीने कापावेत. त्याला बसवावे, वाचायला काहीतरी द्यावे, आणि तो विसरेपर्यंत थांबावे. घाई करू नये.

कलम आठ. साक्षीदार म्हणून शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई आणि कोपऱ्यावरचे औषधवाले सही करतील.

इथपर्यंत सकाळी लिहिले. पुढचे त्याच दिवशी दुपारनंतर लिहीत आहे, कारण औषधवाले आलेच नाहीत. त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. वकीलबाई येऊन बसल्या, शिवणवाल्या बाई आल्या, चहा झाला, दुसरा साक्षीदार मिळेना. बायकोला नि शस्त्रक्रियेसाठी रजा काढून आलेल्या मुलीला वाटा आहे म्हणून त्यांची सही चालत नाही. वहिनी स्टुलावरून उठल्या आणि जिन्याशी जाऊन वर तोंड करून म्हणाल्या, "ऐकलंत का, परवा छाती उघडणार आहेत यांची, आणि इथे सहीला माणूस नाही."

वर चपला वाजल्या.

दादा वळणापर्यंत आला आणि थांबला. त्याने छत्री काढून कठड्याला लावली, वकीलबाईंना म्हणाला, "कागद इथे आणा. वाचल्याशिवाय मी सही करत नाही." आणि बसला.

त्याने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. दाव्याचा कागद वाचावा तसे, बोट ठेवून. दाखलाही वाचला. पाचव्या कलमाला नाकातून हसला. सहाव्यापर्यंत पाठ टेकली गेली होती. एक चप्पल गळून पडली, टाचा अधांतरी होत्या. मी खिशातली पेन्सिल काढून त्याच्या पायाशी पायरीवर बसलो. चारही खुणा करून झाल्या तरी तो सातव्या कलमाचे पान उलटत नव्हता.

मग त्याने चष्मा काढला. "वकीलबाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, बरोबर?"

"बरोबर काका. तुम्हाला नाही आणि काकूंनाही नाही. तुम्ही सही केलीत तर सहा आणि सात, दोन्ही कलमं जातात. हवं तर उद्या दुसरं कोणी बघू."

"उद्या कशाला?" आणि तो खाली माझ्याकडे बघून बोलला. माझ्याशी. आवाज बसका झाला आहे, नुसत्या खोकल्यावरून मला तो अंदाज आला नव्हता. "तू गेल्यावर मिळणारी खुर्ची मला नको. करवत कुठाय तुझी?"

वहिनी म्हणाल्या, "मग माझं स्टूल मी आत्ताच वर नेते," आणि खरोखर उचलून घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी मला जोराचे काम बंद केले आहे, म्हणून करवत मुलीने चालवली. दादाने खुर्ची उलटी धरली आणि मी खुणा दाखवल्या. मुलीने एकदाही मान वर केली नाही. कापून झाल्यावर खुर्ची फरशीवर ठेवली. चारी पायांखाली कागद सरकवून पाहिला, कुठेच गेला नाही. दादा बसला, टाचा टेकल्या, आणि तो "हं" म्हणाला.

सबब कलम सहा व सात रद्द समजावीत. स्टूल वहिनींना आणि खुर्ची दादाला मी हयातीतच दिली आहे, ती माझ्या मालमत्तेत धरू नये. बाकी सर्व कलमे कायम. परवाच्या आधी वाचनात काही चूक सापडली तर मला विचारावे, मी आहे.

ठिकाण: जिन्याचे वळण, राहते घर.
दिनांक: ९ नोव्हेंबर, रविवार.

लिहून ठेवणार: (सही) खुर्चीवाला

साक्षीदार एक: (सही) शेजारीण, शिवणकाम

साक्षीदार दोन: (सही) थोरला भाऊ, विमा कंपनीतून निवृत्त

दुसऱ्या साक्षीदाराचा शेरा, त्याच्याच अक्षरात:
सर्व वाचून सही केली. मागच्या डाव्या पायात अजून किंचित फरक आहे. तो दुसऱ्या कोणाकडून काढून घेणार नाही. दवाखान्यातून आलास की आधी वर ये.