दुसऱ्या मजल्यावर न थांबता

बाबा,

आज माझी सकाळची पाळी आहे, म्हणून तुम्हाला न उठवता निघाले. डब्यात वाटाणे-गाजराची भाजी भरून ठेवली आहे. नाक मुरडायचं नाही. दिवसभर दुकानात मटण तोडता म्हणून चांगला तुकडा हळूच घरी आणायचा नाही, रविवारचं रविवारी. डॉक्टरांनी दटावल्यापासून गिऱ्हाइकं "खाटीकच गवत खायला लागला" म्हणून खिदळतात ना? खिदळू देत. त्यांच्यातल्या एकाने तरी जिभेवर असा ताबा ठेवून दाखवावा!

काल दार उघडून मी न बोलता आत पळाले, तर तुम्ही आईला विचारलंत, "हिचं काय बिनसलंय?" काहीही बिनसलेलं नाही. मला हसू आवरत नव्हतं, आणि रडूही.

तुम्ही रोज दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबायचात आणि वर येऊन सांगायचात, बुटाची नाडी सुटली होती. आईला सगळं कळायचं. तुमची पावलं थांबली की ती गॅस बारीक करायची आणि पावलं पुन्हा ऐकू येईपर्यंत दाराला कान लावून उभी राहायची. म्हणून तर तुम्हाला कधी बेल वाजवावी लागली नाही.

काल पावलं कुठेही न थांबता थेट वर आली आणि बेल वाजली. आई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "बघ गं, कुणीतरी तरणाताठा पोरगा आलाय. बाबांना यायला अजून वेळ आहे."