चाक रेघेवर

१४ मार्च

चि. धाकटीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो आणि त्याची शिक्षा मला होते. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरातही परीक्षक मिळाला, असं ती शेजारणींना सांगत असते.

वर्तमानपत्र वाचतेस ना? लायसन्सच्या टेस्टवरून रणधुमाळी चालली आहे. एक गट म्हणतो, दहातले सात नापास करता, ही परीक्षा आहे की सूड? दुसरा म्हणतो, अजून कडक करा, रस्त्यावर माणसं मरताहेत. या दुसऱ्यांना मी आयता सापडलो. 'सख्ख्या बहिणीला नापास करणारा परीक्षक' म्हणून परवा माझा फोटो छापून आला. रविवारी त्यांची सभा आहे आणि मी तीच गोष्ट सांगायची आहे. अठरा वर्षं सांगतोय, टाळ्या हमखास पडतात.

टेस्ट कडकच हवी, हे माझं मत आजही आहे. जो आरशात बघत नाही त्याने घरी जावं.

पण गेल्या महिन्यात मी तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा मेहुण्यांनी रिव्हर्स घेताना फाटकाचा खांब वाकवला. त्याआधी तू हळूच म्हणाली होतीस, "थोडं डावीकडे घ्या." ते खेकसले, "तू गप्प बस! सख्ख्या भावाने नापास केलेली तू!" आणि मी हसलो. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

आता लिहितोच. त्या दिवशी तुझी टेस्ट दुसऱ्या परीक्षकाकडे होती, मी ती मागून घेतली. कचेरीवर वशिलेबाजीचे आरोप होते, साहेब पिसाळलेले, कुंपणापाशी बातमीदार उभे. तू आठचा आकडा सफाईने काढलास. चढावर गाडी सूतभरही मागे येऊ दिली नाहीस. मग दोन खांबांमधून रिव्हर्स. मी उतरून पाहिलं, चाक पांढऱ्या रेघेच्या चांगलं वीतभर आत होतं. मी कागदावर लिहिलं, 'चाक रेघेवर.'

तू म्हणालीस, "दादा, नीट बघ ना." मी म्हणालो, "इथे दादा नाही, साहेब म्हणायचं." सभेत सगळ्यात मोठी टाळी याच वाक्याला पडते.

फिरत्या दवाखान्याची गाडी चालवायची तुझी ठरलेली नोकरी त्याच आठवड्यात गेली. पुन्हा टेस्ट दे, असं मीच तुला मोठेपणाने सांगत राहिलो. तू काय म्हणालीस, आठवतं? "तुला दिसलं म्हणजे चुकलंच असणार माझं." दुसऱ्या कुणी नापास केलं असतं तर तू भांडली असतीस. माझ्यावर विश्वास ठेवलास आणि पुन्हा स्टीअरिंगला हात लावला नाहीस.

रविवारी खरं सांगेन, असं तुला वाटेल. नाही सांगणार. छाती नाही माझी. निवृत्त माणसाजवळ नाव सोडून काय उरतं, आणि माझं नाव त्या एका गोष्टीवर उभं आहे. म्हणून हे लिहून तुझ्या हाती देतो. मेहुण्यांना दाखव, नाहीतर छापायला दे. मी हे नाकारणार नाही.

खाली पूर्ण सही करतोय. शिक्का कचेरीत जमा झाला, नाहीतर तोही मारला असता.

पहिल्याच टेस्टला पास झालेल्या बहिणीचा
थोरला भाऊ
(पूर्ण सही)