तीन दिवसांच्या गोळ्या, आठ दिवसांची बोट

१० नोव्हें., सोमवार
आज डोकं फिरलंय. सकाळी दांडी गावचा एक खलाशी आणला, हरेश नावाचा. अंगणात जाळं सांधताना फिट आली, जीभ चावलेली. स्ट्रेचर मीच ओढलं, पाय पण मीच धरले. इंजेक्शननं शांत झाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, सकाळी एक, रात्री एक. पण कॅज्युल्टीचा नियम : इथून फक्त तीन दिवसांच्या. पुढच्या गोळ्या ओपीडीतून, फिटच्या डॉक्टरांनी पेशंट तपासल्यावर. ते येतात गुरुवारी. बोट निघणार बुधवारी.
त्याची बायको भारतीवहिनी गोळ्यांच्या खिडकीशी अडून बसली. "मामा, बोट आठ दिस जाते. तीन दिसाच्या गोल्या सपल्या की काय खारं पानी पाजू त्याला?"
तेवीस वर्षांचा मी, पण वॉर्डबॉय म्हणजे सगळ्यांचा मामा. खिडकीतल्या फार्मसीच्या मॅडमला विचारलं. मॅडम, "भिंतीवर लावलंय ना मोठ्या अक्षरात? वाचता येतं ना?"
येतं. सातवीपर्यंत गेलोय. लई लागलं.

११, मंगळ
ड्युटी ८ ते २. परत विषय काढला. मॅडम आज नीट बोलल्या. "अरे, मागं एकाला महिन्याच्या दिल्या होत्या. तो तपासायला परत आलाच नाही, आणि गोळ्या घरातल्या दुसऱ्यानंच खाल्ल्या. तेव्हापासून तीन दिवस."
म्हणजे नियम खोटा नाही. तेच तर डोकं खातंय. खोटा असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो.
आईचा फोन. परभणीतच काम बघ म्हणते, इतक्या लांब कशाला. आधी कुंभवलीच्या कंपनीत ड्रम धुतले, सोडलं. हे पण सोडावंसं वाटतंय. मग काय, परत...

१२, बुध
वहिनी अकरालाच हजर. पुडी काढून दाखवली. सहाच्या सहा गोळ्या तशाच!
"घेतल्याच नाहीत?"
"घरी फिट आली तर धरायला मी हाय. तिथं कोन हाय? म्हनून समुद्रासाठी ठेवल्या."
बोटीवर गोडं पाणी, बर्फ, डिझेल सगळं जपून वापरायचं, तशाच गोळ्या पण जपल्या. सिस्टर ओरडली, "अगं बाई, ही गोळी रोज पोटात गेली तरच फिट अडवते!" वहिनीचा चेहरा उतरला. मला सिस्टरचाच राग आला. सोमवारी कागद हातात देताना हे कुणी सांगितलं? मी पण नाही सांगितलं.
ड्युटीवरच्या डॉक्टरांनी फिटच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पेशंटला कॅज्युल्टीत समोर बसवा, व्हिडिओवर बघतो, मग लिहा. रस्ता निघाला! आता फक्त हरेश पाहिजे. आणि हरेश फोन उचलेना. दोनला सुटलो तसा वहिनीबरोबर रिक्षानं दांडी.
बोटीत बर्फ भरणं चालू होतं. हरेश मला बाजूला घेऊन, "आता उतरलो तर तांडेल दुसरा खलाशी घेल. मग अख्खा सीझन घरी." फिटचं तांडेलला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, म्हायतच नाही. चक्कर आली एवढंच सांगितलंय. मी तांडेलकडं निघालो तर वहिनीनं मनगट धरलं. "नको सांगू मामा. पाया पडते तुज्या."
थांबलो.
एक गोळी माझ्यासमोर गिळायला लावली. बाकीच्या सकाळ-रात्र घे, साठवू नको, असं तीनदा सांगितलं. तांडेलला एवढंच म्हणालो, "याला चक्कर येते, काठाला उभं करू नका."
तो हसला. "समुद्रात चक्कर सगल्यांनाच येते, पावने. तुमी या एकदा, तुमाला पन दावतो!" सगळी बोट हसली. हरेश पण.
पाचच्या भरतीला गेले.

१३, गुरु
फिटचे डॉक्टर आले. सगळं सांगितलं. "पेशंट कुठाय?" "समुद्रात." "मग मी काय समुद्राला तपासू?" सगळे हसले. हसण्यासारखं पण होतं, पण माझी मूठ वळली.
नंतर हात धुताना मला जवळ बोलावलं. म्हणाले, "पाण्याजवळ फिट आली तर माणूस हाती लागत नाही. बोटीच्या तांडेलला कुणी सांगितलंय का?"
मी ग्लोव्हजचे खोके लावत बसलो.

१५, शनि
हरेशच्या गोळ्या काल रात्री संपल्या असणार. ते पण नियमानं घेतल्या असतील तर. बोट यायला अजून पाच दिवस. फोनला रेंज नाही.
दुपारी वहिनीचा फोन. दुसरी एक बोट परत आली, त्यांना यांची बोट लांबून दिसली म्हणे. जाळं ओढत होते. माणसं ओळखू येत नव्हती.  मग एकदम म्हणाली,
"मामा, मी तुजा हात धरला त्या दिवशी. पन तू मागून सांगितलंस ना तांडेलला?"
मी म्हणालो, बोट लागली की घरी नेऊ नका, तसंच इकडं आणा, मी डॉक्टरांशी बोलून ठेवलंय.
"ते नाय इचारलं मी."
पेशंट आला म्हणून फोन ठेवला. पेशंट नव्हता.