दुपारचा कापूस

६ मार्च, बुधवार

पोचले एकदाची! बसमधून पाय खाली ठेवते न ठेवते तोच ताईने सगळ्यांदेखत माझा गालगुच्चा घेतला. मी चाळिशीला टेकलेली, दोन पोरांची आई, पण ताईच्या लेखी अजून शेंबडीच. आई गेली तेव्हा मी पहिलीत होते आणि ताई शाळेच्या शेवटच्या वर्षाला. माझ्या वेण्यांपासून लग्नातल्या पाठवणीपर्यंत सगळं तिनेच निभावलं. त्यामुळे तिने फोनवर सांगितलं की ‘आमच्या गावात ये, सुखी होशील’, तेव्हा मी फार चिकित्सा केलीच नाही.

चिकित्सा नवऱ्याने केली. त्याचं काम मुद्रितं तपासायचं, ते कुठेही बसून होतं, पण चुका शोधायची खोड काही जात नाही. ही वही त्याच्याच हुकमावरून. महिनाभर एकटी राहून बघ, रोज लिही, चांगलं लिहिशील तेवढं वाईटही लिही, मग बिऱ्हाड हलवायचं की नाही ते बसून ठरवू, असं म्हणाला.

तर घ्या. गावात औषधाचं दुकान एकच आणि ते बंद पडलेलं; माझ्या फार्मसीच्या शिक्षणावर ते आता मी चालवायचं. आधीचे औषधवाले बायकामुलांसह निघून गेले म्हणे. शटर वर केलं तर आत सगळं जागच्या जागी: काउंटर, तराजू, बाटल्या पुसायचं फडकंसुद्धा खुंटीला. वरती तीन खोल्या, लाकडी जिना, पुढच्या खिडकीतून रस्ता आणि समोरची बेकरी. आमच्या शहरातल्या खुराड्यापुढे हा राजवाडाच. वाईट काय लिहू? मागच्या खोलीची खिडकी फळ्या ठोकून बंद केलीय. मागे जुनी दगडखाण आहे, तिथून धूळ येते, ताई म्हणाली.

८ मार्च, शुक्रवार

माणसं इतकी चांगली की आपल्यालाच लाज वाटावी. सुतार न बोलावता आला आणि कुरकुरणारी फळी नीट करून गेला. समोरच्या बेकरीवाल्या बाईंनी गरम पाव आणून दिला. शाळेच्या मोठ्या बाई स्वतः दुकानात आल्या. थोरलीसाठी आणि धाकट्यासाठी जागा राखून ठेवल्यात म्हणाल्या. शहरात धाकट्याच्या प्रवेशासाठी आम्ही कुणाकुणाच्या दाढ्या धरल्या होत्या! सगळे पोरांचीच चौकशी करतात. केवढी आहेत, बोलतात कशी, हाका कशा मारतात.

एक गंमत. दुपारी जेवणं झाली की अख्खं गाव खिडक्या लावून घेतं आणि घराघरात रेडिओ सुरू होतो, तोही कानठळ्या बसतील एवढा. इकडे बातम्या, तिकडे गाणी, पलीकडे शेतीसल्ला. अशात यांना झोप कशी लागते कोण जाणे. नवऱ्यासाठी नोंद: दुपारी मुद्रितं वाचायची झाली तर कानात बोळे घाल.

११ मार्च, सोमवार

आज मालाची मोजदाद केली आणि चक्रावले. तापाच्या गोळ्या बेताच्या, खोकल्याचं औषध नावाला, आणि कापूस मात्र जिन्याखाली छतापर्यंत! एवढा कापूस मी मोठ्या इस्पितळातही पाहिला नव्हता. विकला जातो तोही तोच. पोस्टातल्या बाई, सुतार, मोठ्या बाई, जो येतो तो कापसाची गुंडाळी घेऊन जातो. गावभर कानाचं दुखणं आहे की काय म्हणून मी पोस्टातल्या बाईंना विचारलं. त्या हसल्या, खाणीची धूळ, म्हणाल्या. डोळ्यांत, नाकात न जाता फक्त कानात जाणारी धूळ मी पहिल्यांदाच ऐकली.

जेवायला मी ताईकडेच जाते. तिथे भाचीची मात्र काळजी वाटते. पंधरा वर्षांची पोर, पूर्वी सुट्टीत आमच्याकडे आली की तोंडाचा पट्टा थांबत नसे. आता दिवसभर कानात बोळे घालून भिंतीला टेकून बसते. डोळे खोल गेलेत, घास गिळत नाही. कान बघू म्हणून हात पुढे केला तर अशी दचकली की ताट सांडलं. वयच तसं आहे, ताई म्हणाली. भाऊजी खाली वाकून सांडलेला भात गोळा करत राहिले.

१४ मार्च, गुरुवार

ठरलं! दुकानावरच्या गच्चीवर फोनला रेंज मिळते, तिथून नवऱ्याला कळवून टाकलं की बिऱ्हाड हलवायचं. महिना कुठे झालाय, तो म्हणाला. मी म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा. धाकट्याचा खोकला तिथल्या ओल्या भिंतींत जाणार आहे का? मागून तो खोकतच होता. थोरलीने सायकल मिळणार का विचारलं. मिळेल म्हटलं. तिची परीक्षा संपली की निघायचं.

ताईला सांगितलं तर ती मटकन खाली बसली आणि माझे दोन्ही हात गालाला लावून रडली. मलाही रडू आलं. एवढी माया आता कुठे बघायला मिळते?

आणि नवल म्हणजे संध्याकाळी भाचीने बोळे काढले! पोटभर जेवली, चक्क दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ताई तिच्याकडे बघतच राहिली होती. भाऊजी जेवण अर्धं टाकून उठले.

१७ मार्च, रविवार

आज दुपारी वीज गेली होती. गावातले रेडिओ सेलवर चालतात म्हणून त्यांना फरक पडला नाही. दुपारी मीही लावते तो माझा नवा, विजेवरचा, तो गप्प झाला. मी मागच्या खोलीत खोकी बांधत होते, सुतळीचं टोक दातांत धरून.

थोरलीने हाक मारली.

‘आईऽ’. काही सापडलं नाही की ती शेवटचं अक्षर ओढते, तशीच. ठोकलेल्या खिडकीपलीकडून. मी सवयीने ओ देणार होते, पण तोंडात सुतळी. ती काढेपर्यंत भानावर आले. पोर इथे नाही, शेकडो मैल लांब आहे.

मग हसले. पोरांची आठवण येते म्हणजे ही अशी.

१८ मार्च, सोमवार

आज धाकट्याने. दोन खोकले, मग ‘आई’, मग पुन्हा एक खोकला. तो खोकला मी झोपेतही ओळखीन. आईला शिकवू नये.

मला राहवलं नाही. दुकानाला मागून वळसा घालून गेले. बोळ संपतो तिथून खाण सुरू होते. काठोकाठ पाणी, हिरवं, पानसुद्धा न हलणारं. त्याच्या मधून, अगदी मधून, तो पुन्हा खोकला.

कुणीतरी दंड धरून मागे ओढलं. सुतार. दोन्ही कानांत कापूस, चेहरा पांढराफटक. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि मला फरफटत रस्त्यावर आणलं. मग बोळे काढून दरदरून सुटलेला घाम पुसला. मला वाटलं, आता सांगेल. तर म्हणाला,

“वहिनी, एवढी कसली घाई? पोरं येऊ द्या आधी.”

काय बोलून गेला ते त्याच्याच लक्षात आलं. मान खाली घालून निघून गेला.

१९ मार्च, मंगळवार

सकाळी ताई बाजारात गेल्यावर भाचीला गाठलं. बोलायला लागली ती थांबेना. तिने सांगितलं तसं लिहिते. भरभर लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माफ कर.

खाणीतून दुपारी हाका येतात. आपल्या माणसाच्या आवाजात. ओ दिली की माणूस उठून चालू लागतो, त्याला मग कुणी धरू शकत नाही. पाण्यात जातो आणि वर येत नाही. कापूस घालून चार दिवस निभतात, पण तो आवाज एकाच्या मागे लागला की सुटत नाही. सुटतो तो फक्त नवं माणूस गावात राहायला येतो म्हणालं की. मग जुन्यांना विसरतो, नव्यांना हाका मारतो, ती संपेपर्यंत.

औषधवाले कुठेही निघून गेले नाहीत. आधी त्यांची बायको गेली. मग मुली, एकामागोमाग. शेवटी ते, फडकं खुंटीला लावून.

त्यानंतर आवाज भाचीच्या मागे लागला. पूर्ण हिवाळाभर. मी हो म्हटलं त्या दिवशी थांबला.

“मावशी, मला झोप लागली गं,” म्हणाली आणि रडायला लागली. “मला खरंच झोप लागली.”

मी तिला जवळ घेतलं. तिचा काय दोष?

मग ताई आली.

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. मला वेडी ठरवेल, ओरडेल, कानाखाली मारेल. देवा, ती नाही म्हणाली असती तरी मी विश्वास ठेवला असता. ती इस्त्री करत बसली. भाचीच्या गणवेशाची बाही सरळ केली, त्यावर पाणी शिंपडलं. वर न बघता म्हणाली,

“तुला दोन आहेत. मला एकच आहे.”

लहानपणी लाडू वाटून द्यायची त्याच आवाजात.

मी विचारलं, आणि मी? मी तुझी कोण गं?

त्यावर मात्र तिने इस्त्री खाली ठेवली. गणवेशाची घडी घातली आणि आत गेली.

२० मार्च, बुधवार

सकाळी गच्चीवरून फोन. नवऱ्याला म्हटलं, येऊ नका, मी आज निघते, काही विचारू नकोस. तो एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तशा मऊ आवाजात बोलायला लागला. ताईने काल रात्रीच त्याला फोन केला होता. माझ्याबद्दल म्हणाली, तिला ताप चढलाय, बरळतेय, पोरांना बघितलं की बरं वाटेल, परीक्षा राहू दे. त्याने तिकिटंही काढलीयत. मी ओरडले. रडले. शपथा घातल्या. तो म्हणाला, तू असंच म्हणशील हे ताईंनी आधीच सांगितलं होतं.

बारा वर्षांचा संसार. माझ्या शब्दावर तिचा शब्द.

मागे ताई उभी होती. फोन हातातून काढून घेतला. ओढला नाही, नुसता काढून घेतला. भाऊजींनी जिन्याचं दार बाहेरून लावलं. लावताना म्हणाले, मला क्षमा कर. आणि कडी घातली.

२१ मार्च

पुढच्या खिडकीला गज. खूप ओरडले. मोठ्या बाई शाळेकडे जात होत्या, वर बघितलं, पदर सारखा केला, चालू लागल्या. सुतार रस्ता बदलून गेला.

वहीची कोरी पानं फाडून खाली टाकतेय. ‘थांबू नका, परत फिरा’ एवढंच लिहून. नवऱ्याला एक तरी सापडेल. बेकरीवाल्या बाई बाहेर येतात, केरसुणीने गोळा करतात, आत नेतात. मघाशी वर बघून हसल्या. तोच हसरा चेहरा, पाव आणून दिला तेव्हाचा.

दाराखालून जेवण येतं. कापूस मागितला. ताई दारापलीकडे बराच वेळ उभी होती, श्वास ऐकू येत होता. दिला नाही.

गादी फाडली. कापूस आहे. जुना, गुठळ्या झालेला. दुपारी तोच कोंबला. तरी ऐकू येतं. कानातून येतच नाही तो आवाज—

२२ मार्च

बसचा भोंगा वाजला. थांबा इथून दिसत नाही.

रेडिओ लागले. सगळे एकदम, पूर्वी कधी नव्हते एवढे मोठे. मी ओरडतेय ते मलाच ऐकू येत नाही.

दिसले. तिघं. नवऱ्याच्या खांद्यावर बॅग. धाकटा त्याच्या कडेवर. थोरली पुढे धावतेय. भाऊजी हसून सामान घेतायत. ताईने नवऱ्याला बेकरीपाशीच अडवलंय, काहीतरी सांगतेय. वर बघा. वर. गजांतून हात काढलाय, हलवतेय— फडकं— कुणीतरी वर बघा रे—

रेडिओ बंद झाले.

सगळे, एकाच क्षणी. एवढी शांतता. रस्त्यावरच्या प्रत्येकाने कानांवर हात ठेवले. प्रत्येकाने. ताईने पण. माझी तिघंच तशी उभी.

ओरडायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. काल इतकी ओरडले की घशातून नुसती हवा—

मागून हाक आली. खाणीकडून. या वेळी पोरांच्या आवाजात नाही.

माझ्या आवाजात. ‘इकडे आहे मी, राणी. ये.’ अगदी माझ्यासारखी. माझ्याहून गोड.

थोरली थबकली. मान वळवली. हसली—

नको गं. नको. ती मी नाही. वर बघ, ती मी

ती तोंड उघडतेय, ती ओ